पान कोणी आखले?

कादंबरीच्या पानावर अक्षरे कशी मांडावीत, हा प्रश्न आपल्या नियतकालिकांतून फारसा चर्चिला गेलेला नाही. आशय, बांधिलकी, नकार, विद्रोह, बोली यांवर आपण भरपूर लिहिले. भाषेच्या शुद्धाशुद्धतेवरून प्रस्थापित समीक्षेशी दोन हात केले. परंतु पान ही वस्तू आपण जशी हाती आली तशी स्वीकारली. डावीकडून उजवीकडे सरळ ओळी, चारी बाजूंना समास, खाली पानाचा आकडा. ही चौकट कोणी आखली, कोणासाठी आखली, ती मोडली तर काय होते, हे विचारण्याची गरज आपल्याला वाटली नाही. मलाही वाटली नव्हती. ती वाटायला लावणारा एक साधा प्रसंग घडला, म्हणून हा लेख.

सोलापूरच्या बुधवार पेठेत आम्ही काही जण रविवारी सकाळी वाचनासाठी बसतो. महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली, दोन-तीन शिक्षक, चळवळीत आयुष्य घालवलेले एक-दोन कार्यकर्ते. एका रविवारी मी 'भीमायन' घेऊन गेलो. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींवर आधारलेले, दिल्लीच्या नवयानने २०११ साली इंग्रजीत काढलेले हे चित्रमय पुस्तक. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. मी पुस्तक मध्ये ठेवले. ते हातोहात फिरले. आमच्यातले ज्येष्ठ कार्यकर्ते चार पाने उलटून म्हणाले, "सर, चित्रं छान आहेत. पण हे आपल्या कामाचं नाही. बाबासाहेब वाचायचे असतात, बघायचे नसतात." बी.ए.ला असलेल्या एका विद्यार्थ्याची अडचण वेगळी होती. तो म्हणाला, "सर, ह्या पानावर वाचायला सुरुवात कुठून करायची?"

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. त्या घरी विड्या वळतात. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी पुस्तक हातात घेतले, एका पानावर बोट ठेवले आणि विचारले, "ह्या माणसाच्या बोलण्याला इंचवाची नांगी का लावलीया?"

ज्यांना अक्षर येत होते त्यांना पान अडले होते, आणि जिला अक्षर येत नव्हते तिने त्या पानावरचे मुख्य विधान वाचले होते. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. मला तो सोडवला नाही.

१

प्रथम थोडी पार्श्वभूमी. कादंबरीच्या पानाशी खेळ करण्याची कल्पना आजची नाही. इंग्रजीत लॉरेन्स स्टर्नने 'ट्रिस्ट्रम शँडी' ही कादंबरी १७५९ ते १७६७ या काळात नऊ खंडांत प्रसिद्ध केली. तीत यॉरिक नावाचा पात्र मरतो तेव्हा पान संपूर्ण काळे छापलेले आहे. एका ठिकाणी नायिकेचे रूप वाचकाने स्वतःच रेखाटावे म्हणून कोरे पान सोडले आहे. १९६९ साली बी. एस. जॉन्सनने 'द अनफॉर्च्युनेट्स' ही कादंबरी बांधणी न करता पेटीत घालून विकली. सत्तावीस सुटे भाग. पहिला आणि शेवटचा ठरलेला, मधले पंचवीस वाचकाने हवे त्या क्रमाने वाचायचे. विषय आहे कर्करोगाने गेलेल्या मित्राची आठवण. आठवण क्रमाने येत नाही, रोगही क्रम पाळत नाही, म्हणून पुस्तकालाही क्रम नाही. २००० साली मार्क डॅनिएलेवस्कीची 'हाउस ऑफ लीव्ज' आली. तीत घर हा शब्द निळ्या शाईत छापला आहे. तळटीपा मजकुरावर चाल करून येतात. ओळी उलट्या, तिरप्या, आरशात पाहिल्यासारख्या छापल्या आहेत. काही पानांवर मोजके शब्द आहेत. घर आतून वाढत जाते, तसे पुस्तकही.

असे प्रयोग पाहिले की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया उमटतात. एक भारावलेली: पाश्चात्यांनी केले म्हणजे थोर. दुसरी तुच्छतेची: पोट भरलेल्यांचे चाळे. या दोन्ही प्रतिक्रियांत वाचन नाही. प्रयोग सच्चा की दिखाऊ, हे ठरवायला कसोटी हवी. ती मला कोणत्याही ग्रंथात सापडली नाही. आमच्या गावात सापडली.

सोलापूरची चादर ज्यांनी नीट पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की तिच्यावरची नक्षी छापलेली नसते. ती आधी चौकटीच्या कागदावर काढतात. एकेक चौकट म्हणजे उभा धागा वर उचलायचा की खाली ठेवायचा, याचा हुकूम. त्या हुकमाप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडतात, कार्डांची माळ जेकार्डवर चढवतात, आणि भोक असेल तिथे धागा उचलला जातो. म्हणजे नक्षी हीच वीण असते. नक्षी उसवायची म्हटली तर चादरच उसवावी लागते. याउलट छापील कापडावरचा मोर चार धुण्यांत विटतो, कापड मात्र तसेच राहते. त्याला मोराशी काही देणेघेणे नसते.

पानाच्या प्रयोगाला हीच कसोटी लावावी. मांडणी काढून घेतली आणि मजकूर सरळ ओळींत छापला, तर काही उसवते काय? जॉन्सनची पेटी काढून पाने शिवून टाकली तर मित्राच्या मरणाला खोटा क्रम मिळतो, तिथे उसवते. स्टर्नच्या काळ्या पानाऐवजी शोकाचे दोन परिच्छेद घातले तर ते पान बोलके होऊन खोटे पडेल, तिथेही उसवते. 'हाउस ऑफ लीव्ज'मध्ये मला काही ठिकाणी वीण दिसते, आणि काही ठिकाणी नुसता छापा. वाचकाला पुस्तक गरगर फिरवायला लावणे हे प्रत्येक वेळी अनुभव देणे नसते.

२

ही उदाहरणे आपली नव्हेत. ज्यांना पान वारशाने मिळाले त्यांनी ते मोडले. ज्यांना ते नाकारले गेले त्यांनी काय केले?

टोनी मॉरिसन यांची पहिली कादंबरी 'द ब्लूएस्ट आय' १९७० साली प्रसिद्ध झाली. निळे डोळे मिळावेत म्हणून झुरणाऱ्या पेकोला या काळ्या मुलीची ही कथा. कादंबरीच्या आरंभी शाळेच्या पहिल्या पुस्तकातला असावा असा एक उतारा आहे: सुंदर घर, आई, वडील, डिक आणि जेन ही मुले, मांजर, कुत्रा. हा उतारा मॉरिसन तीनदा छापतात. पहिल्यांदा व्यवस्थित, विरामचिन्हांसह. दुसऱ्यांदा विरामचिन्हे आणि मोठी अक्षरे गळालेली. तिसऱ्यांदा शब्दांमधल्या जागाही गेलेल्या. अक्षरांची एकच गच्च भिंत. पुढे या भिंतीचेच तुकडे प्रकरणांच्या माथ्यावर येतात, आणि त्यांच्याखाली पेकोलाचे खरे घर, खरी आई, खरा बाप उलगडतात.

शिक्षक वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. शब्द तिन्ही वेळा तेच आहेत. बदलली आहे ती फक्त जागा. पण पहिल्या उताऱ्यात जे घर आहे ते तिसऱ्या उताऱ्यात गुदमरते. पाठ्यपुस्तकातले सुखी घर ज्या मुलीच्या वाट्याला आलेले नाही, तिच्या कानांत ते असेच आदळत असणार: अर्थ नसलेला सलग आवाज. आपल्या वस्तीतली मुले पहिलीच्या पुस्तकातले अंगण, तुळस, झोपाळा वाचत होती, तेव्हा त्यांना काय ऐकू येत होते? मी स्वतः असा मुलगा होतो आणि पुढे असा शिक्षकही झालो. अडखळणाऱ्या मुलाला मी 'नीट वाच' म्हणत असे. पान त्याला वाचू देत नव्हते, हे मला मॉरिसनबाईंच्या त्या तीन उताऱ्यांनी फार उशिरा शिकवले.

पुढे १९८७च्या 'बिलव्हेड' या कादंबरीत एक भाग विरामचिन्हांशिवाय, शब्दसमूहांमध्ये मोकळ्या जागा सोडून छापला आहे. गुलामांना कोंबून नेणाऱ्या जहाजाची आठवण त्यात बोलते. ज्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत त्यांच्यासाठी ती जागा सोडली आहे, असे मी वाचतो. निग्रो साहित्याशी आपले नाते जुने आहे. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते मराठीत रुजवले, आणि १९७२ साली दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. मात्र त्या साहित्यातून आपण वेदना आणि विद्रोह घेतला, पानाचे शहाणपण मागेच ठेवले.

३

मराठीत आपल्या पूर्वसूरींना पानाचे भान नव्हते काय? होते, आणि तीव्र होते. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपात. पानावर सतत दोन आवाज. सांगणारा आहे, पण विचारणाराही आहे, आणि विचारणारा गप्प बसत नाही. गुरूने सांगावे आणि शिष्याने घोकावे, या पोथीच्या रचनेलाच तो छेद होता. ग्रंथाच्या आरंभीच गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पणपत्रिका. ज्या जागी देवाचे नमन यायचे, तिथे जोतीरावांनी मुक्तीचे नमन घातले.

बाबासाहेबांना तर पानावरच्या जागेसाठी झगडावे लागले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा त्याची साधी जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊनही छापली नाही, ही हकिगत त्यांनीच पुढे नमूद केली. १९२७ साली सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारता'चे चोवीस-चोवीस रकाने त्यांना एकट्याने लिहून भरावे लागले. तेव्हा रकाना ही छापखान्यातली क्षुल्लक बाब नाही. पाणवठा, देऊळ, रस्ता यांसारखीच ती एक जागा आहे. तिथेही प्रवेशबंदी होती.

आणि 'मूकनायका'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाचे जे वर्णन केले, ते एक चित्रच आहे. हा समाज म्हणजे मनोरा, एकेक जात म्हणजे त्याचा एकेक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला शिडी नाही. जो ज्या मजल्यावर जन्मला त्याने तिथेच मरायचे. हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवतो, तेव्हा एकावर एक चौकटी तयार होतात. या चौकटींकडे आपल्याला परत यायचे आहे.

साठच्या दशकात लघुअनियतकालिकांची चळवळ आली. सायक्लोस्टाइल केलेले 'असो', 'येरू', 'चक्रवर्ती' यांसारखे अंक निघाले. राजा ढाले यांनी अक्षर, रेषा, कागद यांकडे विचारवंताइतकेच चित्रकाराच्या नजरेनेही पाहिले. १९७२च्या 'गोलपिठा'त नामदेव ढसाळांनी कवितेच्या नीटस पानाची शिस्तच उधळली. अरुण कोलटकर तर व्यवसायानेच दृश्यकलेचे. १९७६च्या इंग्रजी 'जेजुरी'त ज्वारीच्या रानात उड्या मारणाऱ्या कोंबड्यांसाठी त्यांनी पानभर शब्दच उडवले आहेत. ही सर्व कविता. कादंबरीत मात्र पान सरळच राहिले. नेमाड्यांच्या 'कोसला'ने १९६३ साली बखर, रोजनिशी असे प्रकार आत घेऊन कथनाची चौकट हलवली. तरी छापील ओळ जागची हलली नाही.

याला व्यावहारिक कारणही होते, ते लपवू नये. खिळ्यांच्या छपाईत एकेक अक्षर कंपोझिटर हाताने जुळवीत असे. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून शेकडो प्रकारचे खिळे लागत. आणि अशा छपाईत कोरी जागासुद्धा फुकट नसे. तिथेही शिशाचे बुटके ठोकळे बसवावे लागत. पानावर शांतता हवी असेल तर तिचेही वजन उचलावे लागे, तिचीही मजुरी द्यावी लागे. पदरमोड करून पुस्तक काढणाऱ्या दलित लेखकाने कोरे पान सोडावे, ही अपेक्षाच निर्दय ठरली असती. त्याने कागदाचा इंच न् इंच शब्दांनी भरला, कारण पिढ्यान्‌पिढ्या न बोललेले बोलायचे होते.

४

पण छपाईच्या खर्चाने सगळे उत्तर मिळत नाही. १९९० नंतर अक्षरजुळणी संगणकावर आली. कोरी जागा, तिरपी ओळ, लहानमोठे अक्षर यांची मजुरी जवळजवळ संपली. तरी आपली कादंबरी, आपले आत्मकथन पानाच्या बाबतीत सरळच राहिले. का?

माझे उत्तर काहींना बोचेल. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना सूतकताईच्या खात्यात घेत, पण विणाईच्या खात्यात येऊ देत नसत. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. तोंड लागले की बाट लागला. विणाईत मजुरी जास्त, म्हणून ते खाते सवर्ण कामगारांसाठी राखीव राहिले. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. जो कामगार-कामगार एक म्हणतो तो विणाईच्या दारात जात का विचारतो, हा त्यांचा सवाल होता.

मराठी समीक्षेने दलित साहित्याच्या बाबतीत नेमके हेच केले आहे. 'अनुभवाची दाहकता', 'जीवनाचे अस्सल दर्शन', 'रांगडी भाषा' ही विशेषणे आपल्याला उदारपणे दिली गेली. ती सगळी सुताची विशेषणे आहेत. विणीबद्दल, म्हणजे रचनेबद्दल बोलायची वेळ आली की हेच समीक्षक दुसऱ्या पुस्तकांकडे वळले. सूत आमचे, वीण त्यांची. १९७८च्या 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली हकिगत दया पवार या आपल्याच सुशिक्षित रूपाला सांगतो. एका माणसाचे दोन करून त्यांना समोरासमोर बसवण्याची ही रचना केवढी धारदार आहे! पण गाजले ते गावकुसाबाहेरचे तपशील. आमच्या जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातून आलेल्या शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'ची (१९८४) चर्चा अनौरसपणाच्या आशयावर झाली. त्यातली तुटक, एकेका ठोक्याची वाक्यरचना हीदेखील त्या तुटलेल्या कुळाचीच वीण आहे, हे किती जणांनी सांगितले?

खरे दुःख पुढे आहे. हा भेद आपणही मानून घेतला. रूपाबद्दल बोलणे म्हणजे कलावादी होणे, अशी भीती आपण एकमेकांना घातली. 'हे आपल्या कामाचं नाही' हे आमच्या कार्यकर्त्यांचे उद्गार प्रामाणिक होते. पण विणाई खात्याच्या दारावर जी पाटी दुसऱ्याने लावली होती, तीच आपण आतून वाचून दाखवत नाही ना?

५

आता 'भीमायन'कडे. त्याला कादंबरी म्हणावे काय? प्रसंग खरे आहेत, तेव्हा काटेकोरपणे नाही. पण जगभर अशा पुस्तकांना चित्रकादंबरी म्हणतात, आणि ते वाचताना कादंबरी वाचण्याचीच सारी कसब लागते. म्हणून तो वाद मी घालत नाही. पुस्तकाचे मुख्य भाग पाणी, निवारा आणि प्रवास या विषयांचे. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे गोरेगावला निघालेली मुले, जात कळताच पालटलेला स्टेशनमास्तरचा चेहरा, दुप्पट भाडे देऊनही स्वतः हाकावी लागलेली गाडी, रात्रभर न मिळालेले पाणी. पुढे बडोद्यात धर्मशाळेतून हुसकावले जाणे. दौलताबादच्या किल्ल्यातल्या हौदावरचा प्रसंग. हे आपल्याला पाठ आहे. प्रश्न असा की पाठ असलेले पुन्हा कसे वाचायचे?

चित्रकथेच्या पानावर सहसा चौकटी असतात. एकीतून दुसरीत डोळा जातो. व्याम दांपत्याने चौकटी नाकारल्या. माणसांना चौकटीत कोंडले की ती गुदमरतात, आमची कला खुली आहे, अशी त्यांची भूमिका पुस्तकात नमूद आहे. चौकटीऐवजी पान विभागते ते 'दिग्ना'ने, म्हणजे गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढल्या जाणाऱ्या नक्षीच्या पट्ट्यांनी. त्या वळतात, फुटतात, एकमेकींत शिरतात. बोलण्याच्या फुग्यांचेही तसेच. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते. जातीचे विष असलेल्या बोलण्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या विचाराला डोळा असतो.

येथे चादरीची कसोटी लावू. नांगी काढली तर काय उसवते? स्टेशनमास्तराचे शब्द पुष्कळदा साधेच असतात. शिवी नसते, मारहाण नसते. तो नुसते विचारतो, तुम्ही कोण? लेखी मजकुरात हा प्रश्न निरुपद्रवी दिसतो आणि सवर्ण वाचक तो निरुपद्रवी म्हणून वाचूनही टाकतो. नांगी त्याला तसे वाचू देत नाही. आपल्या प्रत्येकाला हा प्रश्न भेटलेला आहे: भाड्याची खोली शोधताना 'आडनाव काय?', नव्या कार्यालयात 'गाव कुठलं, कोणत्या आळीतलं?' शब्दांत विष नसते. बोलण्याच्या आकारात असते. त्या विड्या वळणाऱ्या माउलीने आकार ओळखला, कारण ती आयुष्यभर आकारच ऐकत आली. ही वीण आहे, छापा नव्हे.

आणि चौकटीचे काय? ज्यांच्या पुढ्यात बाबासाहेबांचा बिनशिडीचा मनोरा आहे, त्या वाचकाला चौकटी नसलेले पान ही केवळ कलावंताची हौस वाटणार नाही. मजले पाडलेल्या पानावर आमचा बी.ए.चा विद्यार्थी गोंधळला, कारण वर कोण, खाली कोण, आधी कोण, नंतर कोण हे ठरवून देणारे कोणी उरले नव्हते. वाट त्याने स्वतः काढायची होती. तासाभराने त्याने काढली.

तरी या पुस्तकाबद्दल माझ्या तक्रारी आहेत. त्या न सांगणे म्हणजे भक्ती होईल. पहिली, गोंड नक्षी फार देखणी आहे. तहानेच्या पानावरही डोळा सुखावतो. महाडच्या चवदार तळ्याचे २० मार्च १९२७चे पाणी इतके सुंदर दिसावे काय, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. दुसरी, नाव. ज्यांनी १९५६ साली नागपुरात राम-कृष्णाला देव न मानण्याची प्रतिज्ञा घेतली, आणि १९८७ साली 'रिडल्स'वरून उठलेले वादळ ज्यांनी अंगावर घेतले, त्यांच्या कानाला 'रामायणा'वर बेतलेले हे नाव खटकते. उपरोध म्हणून ते समजते. पण घरात ठेवायच्या पुस्तकाचे नाव उपरोधावर फार काळ तगत नाही. तिसरी तक्रार सर्वांत मोठी. सूत बाबासाहेबांचे, संहिता दोघा इंग्रजी लेखकांची, चित्रे आदिवासी कलावंतांची. आदिवासी आणि दलित यांचे हात एका पानावर आले, याचा मला आनंदच आहे. पण ज्या महाराष्ट्रात हे सगळे घडले तिथल्या आपल्या चित्रकार पोरांचा त्या पानावर हात नाही. हा दोष 'भीमायन'चा नाही. तो आपला आहे.

६

कार्यकर्त्यांच्या आक्षेपात जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. पत्रकाला, निवेदनाला, मोर्च्याच्या मागण्यांना सरळ ओळच हवी. बाबासाहेबांचे गद्य सरळ आहे, मुद्द्यामागून मुद्दा रचत जाणारे आहे, आणि तेच त्याचे बळ. सरळ ओळ वाईट नाही. ती एकमेव आहे असे मानणे वाईट. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी वसतिगृह काढले ते याच सोलापुरात. शाळेच्या बाकावर जागा नसलेल्या मुलांसाठी आधी झोपायला, अभ्यासाला जागा हवी, हे ज्यांनी ओळखले त्यांच्या वारसांनी पुस्तकातल्या जागेबद्दल बेफिकीर राहावे, हे बरे नव्हे.

पुढच्या रविवारी मी मुलांना एक काम दिले. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला पाण्याची एक आठवण विचारा आणि ती एका पानावर लिहा. पान कसे मांडायचे ते तुम्ही ठरवा. बहुतेकांनी निबंध आणले. दोघांनी विहिरीचे चित्र काढून त्यात अक्षरे भरली. ते छापील मोरासारखेच होते. एका मुलीने मात्र जवळजवळ कोरा कागद आणला. अगदी तळाला, कडेला टेकून, बारीक अक्षरांत चार ओळी. मी विचारले, "वरची जागा का सोडलीस?" ती म्हणाली, "सर, आजी खाली उभी राहायची. वरून कोणी ओतलं तर पाणी. वर कोण होतं ते तिला कधी नीट दिसलंच नाही. वर बघायचंच नसायचं."

कागद हातोहात फिरला. आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते त्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी मला म्हटले, "सर, ह्या पोरीला सांगा, आता वरनंही लिही म्हणावं." मुलीने मान हलवली, ती आजीची आठवण आहे, वरून लिहिली तर खोटी होईल, असे ती म्हणाली. त्यावर आमच्यात जो वाद पेटला तो दुपारपर्यंत चालला. माझ्या आठवणीत त्या वाचनमंडळातला रचनेवरचा तो पहिला वाद. मुलगी बरोबर होती असे मला वाटते. कार्यकर्त्यांची तळमळही खोटी नव्हती.

असे वाद गावोगावच्या वाचनमंडळांत व्हावेत. विद्यार्थ्यांनी परक्या कादंबऱ्यांच्या नकला करू नयेत. काळे पान, उलटी ओळ, रिकामी पेटी उचलून आणण्याने काही साधणार नाही. शिक्षकांनी मुलाला 'नीट वाच' म्हणण्याआधी पानाकडेही एकदा पाहावे. कार्यकर्त्यांनी रूपाची चर्चा कलावाद्यांना आंदण देऊ नये. आणि लिहिणाऱ्यांनी कागद पुढ्यात घेतला की पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: ह्या पानावर माझी माणसे कुठे उभी आहेत? सूत आपल्याजवळ उदंड आहे. विणाईच्या खात्यात जायला आता कोणाची परवानगी लागत नाही.